संप्रेरके ओळखणारे डीएनए-संवेदक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संप्रेरके, म्हणजे रोजच्या बोलण्यातील हॉर्मोन्स, मोजण्यासाठी कृत्रिम डीएनएचे तुकडे वापरता येतात, ही बातमी अधूनमधून वाचनात येते आणि तिच्यासोबत पुष्कळ गैरसमजही येतात. थायरॉइड, वंध्यत्व किंवा अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या विकारांसाठी वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या रुग्णांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि वैद्यकीय प्रयोगशाळा-तंत्राच्या विद्यार्थ्यांना या विषयाची नीट ओळख व्हावी म्हणून ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

डीएनए-संवेदक म्हणजे माझ्या डीएनएची तपासणी होते का?

नाही. या तपासणीत रुग्णाच्या डीएनएकडे कोणी पाहतही नाही. येथे डीएनए हे मोजण्याचे साधन असते, मोजली जाणारी वस्तू नसते. कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार केलेला, साधारणपणे ३० ते १०० न्यूक्लिओटाइड (डीएनएची एकेक कडी) लांबीचा, एकेरी पदराचा डीएनए एखाद्या इलेक्ट्रोडवर किंवा सोन्याच्या सूक्ष्म कणांवर बसवलेला असतो आणि नमुन्यातील ठरावीक संप्रेरक पकडणे एवढेच त्याचे काम असते. अशा तुकड्याला अ‍ॅप्टामर म्हणतात. त्याच्यात कोणाचीही आनुवंशिक माहिती नसते.

आनुवंशिक माहिती साठवणारा डीएनए एखाद्या संप्रेरकाला ओळखतो तरी कसा?

शाळेत आपण पाहतो ती डीएनएची दुहेरी, पिळाची शिडी ताठ असते. तिचे दोन्ही पदर एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे तिसऱ्या कोणाला धरण्यास ती फारशी मोकळी नसते. एकेरी पदर मात्र स्वतःवरच दुमडतो, त्याला गाठी, वळसे आणि खाचा पडतात, आणि ही घडी कशी पडेल हे त्यातील ए, टी, जी व सी या चार अक्षरांच्या क्रमावर ठरते. काही क्रमांची घडी अशी पडते की तिच्यातील खाचेत एखादा विशिष्ट रेणू चपखल बसतो. प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, जे काम प्रथिनाच्या घडीने करतात, तेच येथे डीएनएच्या घडीने होते.

असा क्रम आधीपासून कोणाला ठाऊक नसतो, तो शोधावा लागतो. १९९० मध्ये अमेरिकेत दोन गटांनी ही शोधपद्धत स्वतंत्रपणे मांडली. कोलोराडो विद्यापीठातील क्रेग ट्युअर्क व लॅरी गोल्ड यांनी तिला ‘सेलेक्स’ हे नाव दिले, तर बोस्टनमधील अँड्र्यू एलिंग्टन व जॅक शोस्टॅक यांनी मिळालेल्या रेणूंना, ‘जुळणारा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, अ‍ॅप्टामर म्हटले. तेव्हाचे प्रयोग आरएनएवर झाले होते. एकेरी डीएनएही हे काम करतो हे १९९२ पर्यंत सिद्ध झाले.

आपल्याकडे धान्य निवडतात, पाखडतात, तशीच ही पद्धत आहे. सुरुवातीला मधला भाग यदृच्छेने जुळवलेले सुमारे १० चा १४ वा किंवा १५ वा घात इतके वेगवेगळे डीएनए-तुकडे एका नळीत घेतात. त्यांना लक्ष्यरेणूच्या सान्निध्यात ठेवतात, जे त्याला चिकटत नाहीत ते धुऊन टाकतात, जे चिकटतात त्यांच्या पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राने प्रती काढतात आणि हीच फेरी आठ-दहा किंवा त्याहून अधिक वेळा करतात. दर फेरीला अटी कडक होत जातात आणि शेवटी मूठभर क्रम हाती लागतात. नळीतील तुकड्यांची संख्या अफाट वाटते खरी, पण ४० जागांच्या यादृच्छिक भागात शक्य असलेले क्रम १० च्या २४ व्या घाताएवढे असतात, म्हणजे एवढ्या मोठ्या साठ्यातही सर्व शक्यतांचा अत्यल्प अंशच असतो. म्हणून मिळालेला अ‍ॅप्टामर हा चांगला असला तरी सर्वोत्तम असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

संप्रेरकांसाठी असे अ‍ॅप्टामर मिळवणे विशेष अवघड का मानले जाते?

सर्वच संप्रेरकांच्या बाबतीत ते अवघड नाही. थायरॉइडला चालना देणारे टीएसएच हे सुमारे २८ हजार डाल्टन वजनाचे मोठे प्रथिन आहे आणि त्याला धरण्यासारखी पृष्ठे पुष्कळ आहेत. खरी अडचण कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक), एस्ट्राडायॉल (मुख्य स्त्री-संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन यांसारख्या स्टेरॉइड संप्रेरकांची आहे. कॉर्टिसॉलचा रेणुभार सुमारे ३६२, एस्ट्राडायॉलचा सुमारे २७२. एवढ्याशा रेणूवर धरायला जागाच कमी असते. त्यातही, पाखडण्यासाठी हा रेणू एखाद्या मण्यावर रासायनिक बंधाने चिकटवला की त्याची एक बाजू झाकली जाते, आणि मग मिळणारा अ‍ॅप्टामर मोकळ्या रेणूऐवजी मण्यावर बांधलेल्या रेणूला ओळखायला शिकतो. म्हणून आता पुष्कळ प्रयोगशाळा उलटा मार्ग धरतात. डीएनएचा साठाच मण्यांवर अडकवून ठेवतात आणि संप्रेरक मोकळे सोडतात. त्याला पाहून जो तुकडा आपली घडी बदलतो आणि मण्यावरून सुटतो, तोच निवडला जातो. या पद्धतीचा दुहेरी लाभ असा की मिळालेला अ‍ॅप्टामर पकडताना आकार बदलणारा असतो, आणि संवेदकाला नेमके तेच हवे असते.

दुसरी अडचण भावंडांची आहे. सर्व स्टेरॉइड एकाच चार कड्यांच्या सांगाड्यावर उभे असतात. कॉर्टिसॉल आणि कॉर्टिसोन यांच्यात फरक आहे तो दोन हायड्रोजन अणूंचा, तोही सांगाड्यावरील अकराव्या कार्बनपाशी. लाळग्रंथीतील एक विकर, म्हणजे एन्झाइम, कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन करत असल्यामुळे लाळेत कॉर्टिसोनच अधिक असते. म्हणजे लाळेतील कॉर्टिसॉल मोजू पाहणाऱ्या अ‍ॅप्टामरला या दोघांतला भेद कळला नाही, तर त्याने दिलेला आकडा निरर्थक ठरतो. यासाठी निवडीच्या मधल्या फेऱ्यांत मुद्दाम नको असलेली भावंडे सोडून त्यांना चिकटणारे तुकडे काढून टाकतात. ही पायरी घाईने उरकलेली असेल तर पुढे ती कोणत्याही इलेक्ट्रॉनिक करामतीने भरून निघत नाही.

आजवर कोणकोणत्या संप्रेरकांसाठी डीएनए-अ‍ॅप्टामर तयार झाले आहेत?

कॉर्टिसॉल, एस्ट्राडायॉल, प्रोजेस्टेरॉन, इन्सुलिन आणि व्हॅसोप्रेसिन (शरीरातील पाणी राखणारे संप्रेरक) ही नावे प्रकाशित संशोधनात ठळकपणे आढळतात. यातील दोन उदाहरणे मला फार मोलाची वाटतात.

पहिले इन्सुलिनचे. माणसाच्या इन्सुलिन-जनुकाच्या अलीकडे जी या अक्षराने भरलेला, पुनःपुन्हा येणारा एक पट्टा असतो. त्याच्या एकेरी पदराची चौपदरी घडी पडते आणि ही घडी प्रत्यक्ष इन्सुलिनलाच धरते, असे २००६ मध्ये दाखवले गेले. म्हणजे हा अ‍ॅप्टामर नळीतल्या यदृच्छेतून न मिळता थेट आपल्या जनुकसंचातून मिळाला.

दुसरे व्हॅसोप्रेसिनचे. निसर्गातील डीएनए उजव्या पिळाचा असतो आणि त्याला तोडणारी विकरे त्याच पिळावर काम करतात. १९९७ मध्ये संशोधकांनी व्हॅसोप्रेसिनच्या आरशातील प्रतिमेसाठी साधा डीएनए निवडला आणि मग त्या डीएनएचीच आरशातील प्रतिमा प्रयोगशाळेत तयार केली. ती खऱ्या व्हॅसोप्रेसिनला धरते, आणि रक्तातील विकरे तिला ओळखत नसल्यामुळे ती तुटत नाही.

सध्या हॉर्मोनची तपासणी कशी होते आणि त्यात उणे काय आहे?

सध्याच्या नेहमीच्या तपासण्या प्रतिपिंडांवर चालतात. याची सुरुवात न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्सच्या व्हेटरन्स रुग्णालयात झाली. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सारी आयोडीन जोडलेल्या इन्सुलिनच्या आणि प्रतिपिंडांच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिन मोजून दाखवले. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले आणि १९७७ चे नोबेल पारितोषिक यॅलो यांना मिळाले. संप्रेरकशास्त्राचे त्यांनी दोन भाग पाडले, मोजता येण्यापूर्वीचा आणि नंतरचा, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने थायरॉइडच्या तपासणीसाठी आणि वाशीच्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेने टी-३, टी-४ ही थायरॉइडची संप्रेरके मोजण्याच्या संचांसाठी हीच किरणोत्सारी पद्धत वापरली. १९७१ मध्ये एलायझा ही तपासणी-पद्धत आली, किरणोत्साराची जागा विकराने घेतली, आणि आता मोठ्या प्रयोगशाळांतील स्वयंचलित यंत्रे प्रकाश देणाऱ्या रसायनांवर चालतात. पकड मात्र अजूनही प्रतिपिंडाचीच आहे.

ही पद्धत उत्तम आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. तिच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. कॉर्टिसॉलचे काही प्रतिपिंड प्रेडनिसोलोन या औषधालाही धरतात, त्यामुळे ते औषध घेणाऱ्याचे कॉर्टिसॉल खोटेच जास्त दिसू शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तात इतर स्टेरॉइड जास्त असल्यामुळे जन्मजात अधिवृक्क विकार शोधण्यासाठीची १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची चाळणी-तपासणी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येते आणि आईवडिलांचे काही दिवस विनाकारण काळजीत जातात. प्रतिपिंडे प्राण्यांपासून किंवा पेशींपासून मिळवावी लागतात, त्यांच्या एका खेपेत आणि दुसऱ्या खेपेत फरक पडू शकतो. अ‍ॅप्टामरचा क्रम एकदा लिहून ठेवला की तो जगात कुठेही अक्षरशः तसाच पुन्हा बनवता येतो. स्टेरॉइडसाठी सर्वांत विश्वासार्ह मानली जाणारी वस्तुमान-वर्णपटमापनाची (मास स्पेक्ट्रोमेट्री) पद्धत महागडी आहे आणि ती मोजक्या प्रयोगशाळांतच आढळते.

या सगळ्याहून मोठी मर्यादा आहे ती वेळेची. रक्त घेतले त्या क्षणाचा एकच आकडा हाती येतो, आणि संप्रेरके तर दिवसभर, काही तासातासाला, हेलकावे खात असतात.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतल्यास थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो हे खरे आहे का?

होय, काही यंत्रांच्या बाबतीत हे खरे आहे. अनेक संचांत प्रतिपिंड घट्ट बसवण्यासाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टाविडिन ही जोडी वापरतात. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, तर केसांच्या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असते. हे जादा बायोटिन मध्ये घुसले की टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते, आणि निरोगी माणसाचा रिपोर्ट थायरॉइड अतिक्रियाशील असल्यासारखा वाचला जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी नोव्हेंबर २०१७ मध्ये इशारा दिला. आपण अशी गोळी घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना जरूर सांगावे. सोन्यावर गंधकाच्या बंधाने बसवलेल्या डीएनए-संवेदकात या जोडीचा वापर नसल्यामुळे त्याला या कारणाने फसण्याचा धोका नाही. त्याला फसवणारी कारणे वेगळी आहेत, ती पुढे येतील.

ग्लुकोमीटर घराघरांत आहे, मग हॉर्मोनमीटर का नाही?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांची तळमळ मला समजते. उत्तर प्रमाणात दडलेले आहे. उपाशीपोटी रक्तातील साखर लिटरमागे सुमारे ५ मिलिमोल असते. मासिक पाळीच्या मध्यापूर्वी एस्ट्राडायॉल मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅम असेल, तर ते लिटरमागे सुमारे ०.३७ नॅनोमोल भरते. म्हणजे साखरेचे एक कोटीहून अधिक रेणू असतील तेथे एस्ट्राडायॉलचा एक. कॉर्टिसॉल सकाळी लिटरमागे काहीशे नॅनोमोल असते, म्हणून त्याचे काम तुलनेने सोपे आहे, आणि डीएनए-संवेदकांत ते आघाडीवर असण्याचे एक कारण हेच.

दुसरे कारण असे की १९६२ मध्ये लेलँड क्लार्क यांनी मांडलेल्या कल्पनेपासून ग्लुकोमीटरपर्यंत सर्वत्र काम करते ते विकर. एकच विकर-रेणू साखरेच्या रेणूंवर एकामागून एक क्रिया करत राहतो आणि प्रवाह साठत जातो. अ‍ॅप्टामर क्रिया करत नाही, फक्त धरतो. एका धरण्यातून मिळणारा संकेत एकच आणि इवलासा असतो.

मग अ‍ॅप्टामरने संप्रेरक पकडले हे यंत्राला कळते कसे?

सर्वांत उलगडून सांगण्यासारखी पद्धत विद्युत-रासायनिक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील केविन प्लॅक्सको यांच्या गटाने २००५ पासून ती घडवली. अ‍ॅप्टामरच्या एका टोकाला गंधकाचा गट असतो, त्याने तो सोन्याच्या इलेक्ट्रोडला चिकटतो. दुसऱ्या टोकाला मिथिलीन ब्लू हा निळा रंग जोडलेला असतो, जो इलेक्ट्रॉन घेतो आणि देतो. मधल्या मोकळ्या जागा लहान रेणूंच्या दाट थराने भरतात, जेणेकरून डीएनए आडवा पडू नये. लक्ष्यरेणू नसताना डीएनए सैलसर हलत असतो. लक्ष्यरेणू खाचेत बसला की घडी आवळते, मिथिलीन ब्लू सोन्याच्या जवळ किंवा दूर सरकतो आणि इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण वेगाने किंवा सावकाश होऊ लागते. ठरावीक लयीत बदलणारे व्होल्टेज देऊन हा फरक मोजतात.

या रचनेचे खरे सौंदर्य असे की रक्तातील इतर कोणी इलेक्ट्रोडला नुसते येऊन चिकटले, तरी अ‍ॅप्टामरची घडी त्याने बदलत नाही. म्हणून नमुना न धुता, जसाच्या तसा, मोजता येतो. २०१७ मध्ये याच पद्धतीने जिवंत उंदरांच्या रक्तवाहिनीत संवेदक ठेवून औषधांची पातळी सलग मोजण्यात आली. ती औषधे होती, संप्रेरके नव्हती, पण मार्ग मोकळा झाला.

दुसरी पद्धत ट्रान्झिस्टरची. डीएनएवर ऋण भार असतो. घडी बदलली की तो भार अतिपातळ अर्धवाहक थराच्या जवळ-दूर होतो आणि प्रवाह बदलतो. खारट द्रवात विद्युतभाराचा प्रभाव जेमतेम ०.७ नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो, म्हणून ही पद्धत रक्तासारख्या द्रवात चालणार नाही असे पूर्वी मानत. पण अ‍ॅप्टामर स्वतःच पृष्ठभागालगत हलत असल्याने ती मर्यादा ओलांडता येते, हे २०१८ मध्ये सेरोटोनिन, डोपामिन अशा लहान रेणूंवर दाखवले गेले.

सोन्याच्या सूक्ष्म कणांचा रंग लालचा निळसर-जांभळा होणे ही तिसरी पद्धत दिसायला मोहक आहे, मात्र मीठ, प्रथिने, आम्लता अशा कोणत्याही कारणाने हे कण गोळा होऊ शकतात. निदानासाठी तिच्यावर एकटीवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अ‍ॅप्टामरची पकड प्रतिपिंडापेक्षा सैल असते असे वाचले. हा दोष नाही का?

एकदाच मोजायचे असेल तर दोष आहे. सलग मोजायचे असेल तर तोच गुण आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म येथेच आहे.

उत्तम प्रतिपिंड संप्रेरकाला पकडले की सहजी सोडत नाही. सकाळी ८ वाजता पकडलेले कॉर्टिसॉल त्याने दुपारपर्यंत धरून ठेवले, तर दुपारी पातळी उतरल्याचे त्याला कळणार कसे? तो भरलेलाच राहील. अ‍ॅप्टामर मात्र रेणूला धरतो, काही क्षणांत सोडतो, पुन्हा दुसऱ्याला धरतो. कोणत्याही क्षणी किती अ‍ॅप्टामर भरलेले आहेत हे त्या क्षणीच्या पातळीवर ठरते. संप्रेरक वाढले की जास्त भरतात, उतरले की रिकामे होतात. धुणे नाही, नवे रसायन घालणे नाही.

पकड किती घट्ट असावी हे मोजायच्या पातळीवर ठरवावे लागते. एकाच खाचेच्या अ‍ॅप्टामरचा १० टक्के भाग भरलेला असण्यापासून ९० टक्के भरेपर्यंत पातळी ८१ पट वाढावी लागते, आणि संवेदक उपयोगी पडतो तो याच पट्ट्यात. संप्रेरकाची नेहमीची पातळी या पट्ट्याच्या मधोमध आली पाहिजे. ‘आमची पकड सर्वांत घट्ट’ अशी जाहिरात करणाऱ्याने पट्टा कुठला ते सांगितले नाही, तर त्या घट्टपणाला रुग्णाच्या दृष्टीने अर्थ नाही.

रक्त, लाळ की घाम? कशातून मोजलेले खरे मानावे?

रक्तातील कॉर्टिसॉलपैकी सुमारे ९० ते ९५ टक्के वाहक प्रथिनांना बांधलेले असते. पेशींवर परिणाम करते ते उरलेले मुक्त कॉर्टिसॉल, आणि लाळेत तेच उतरते. म्हणून लाळ हा दुय्यम दर्जाचा नमुना नाही. कुशिंग विकाराच्या, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल अति होण्याच्या, शोधात रात्री उशिराच्या लाळेतील कॉर्टिसॉल ही आजही मान्य तपासणी आहे. थायरॉक्सिनचे (टी-४) तर मुक्त प्रमाण एकूण साठ्याच्या ०.०२ ते ०.०३ टक्के इतकेच असते. अ‍ॅप्टामर सहसा मुक्त रेणूच धरत असल्यामुळे त्याने रक्तात दिलेला आकडा नेहमीच्या एकूण कॉर्टिसॉलच्या आकड्याशी जुळणार नाही, आणि तो जुळत नाही म्हणून चुकीचा ठरत नाही. दोन्ही शेजारी मांडताना ही गल्लत फार होते.

घामाबाबत मी अधिक सावध आहे. घामाचा वेग, क्षार, आम्लता आणि त्वचेचे तापमान यांनुसार त्यातील पातळीही बदलते आणि अ‍ॅप्टामरची घडीही.

मनगटावर घालायचे किंवा अंगठीसारखे संवेदक खरोखर तयार झाले आहेत का?

संशोधनाच्या पातळीवर झाले आहेत. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅन अँड्र्यूज आणि सॅम इमामिनेजाद यांच्या गटांनी २०२२ मध्ये घामातील कॉर्टिसॉल मोजणारे घड्याळ प्रसिद्ध केले. त्यात इंडियम ऑक्साइडच्या अतिपातळ थराचा ट्रान्झिस्टर आणि त्यावर कॉर्टिसॉलचा अ‍ॅप्टामर आहे. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेच्या वेई गाव यांच्या गटाने घामातील एस्ट्राडायॉल मोजणारा संवेदक मांडला. सूक्ष्म विद्युतप्रवाहाने औषध त्वचेत सोडून तो स्वतःच थोडा घाम आणतो आणि आम्लता, क्षार व तापमान मोजून आकडा सुधारतो. ही दुरुस्ती त्यांनी यंत्राच्या आतच बसवली, हे मला त्या कामातील सर्वांत प्रामाणिक पाऊल वाटते. तरीही थोड्या व्यक्तींवर घेतलेली ही चाचणी आहे. तिच्यावरून उपचार ठरवता येत नाहीत.

हे संवेदक आले तर सर्वाधिक उपयोग कोणाला होईल?

अ‍ॅडिसन विकार (अधिवृक्क ग्रंथींनी पुरेसे कॉर्टिसॉल न बनवणे) किंवा जन्मजात अधिवृक्क विकार असलेल्या रुग्णांना, असे मी निःसंकोच म्हणेन. ही माणसे आयुष्यभर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घेतात. मधुमेही व्यक्तीला बोट टोचून साखर पाहता येते. यांना मात्र आजचा डोस कमी पडला की जास्त झाला हे थकवा, वजन, रक्तदाब आणि अनुभव यांवरून ओळखावे लागते. ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी डोस वाढवायचा राहिला तर जिवावर बेतते. अशा घरात लाळेच्या एका थेंबावर कॉर्टिसॉल कळणे म्हणजे काय, हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

त्यानंतर कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेणाऱ्या स्त्रिया. बीजकोष वाढवण्याच्या दिवसांत त्यांना एस्ट्राडायॉलसाठी दिवसाआड सुया सोसाव्या लागतात, आणि गावाहून येणाऱ्यांना प्रत्येक सुईमागे एक प्रवासही करावा लागतो.

थायरॉइडच्या बहुसंख्य रुग्णांना मात्र याचा फारसा लाभ नाही. गोळीचा डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावण्यास सहा आठवडे लागतात, तेव्हा रोज मोजून हाती काही नवे येत नाही. जे हळू बदलते त्यासाठी सध्याची रक्ततपासणी पुरेशी आहे.

डीएनए रक्तात टिकतो का? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात?

रक्तात डीएनए तोडणारी विकरे असतात. पृष्ठभागावर दाट बसवलेला डीएनए मोकळ्या डीएनएपेक्षा अधिक टिकतो, आरशातील प्रतिमेचा डीएनए त्याहून अधिक. पण व्यवहारात आधी हार मानतो तो सोन्यावरील रेणूंचा थर. तो सुटू लागतो, वर प्रथिनांची साय धरते, आणि काही तासांत संकेत घसरू लागतो. ही घसरण गणिताने भरून काढण्याचे आणि वर संरक्षक जेलीचा थर देण्याचे प्रयत्न सुरू आहेत. सलग मापन दिवसेंदिवस चालवायचे असेल तर आजची मुख्य अडचण हीच आहे.

साठवणुकीत मात्र बाजू उलटते. प्रतिपिंडांचे संच २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी मोडली की ती सहसा परत बसत नाही. डीएनए तापल्यावर उलगडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा तसाच घडी घालतो. विदर्भ-मराठवाड्याचा मे महिना आणि मध्येच जाणारी वीज ज्यांनी एखाद्या ग्रामीण प्रयोगशाळेत अनुभवली आहे, त्यांना या फरकाची किंमत वेगळी सांगायला नको.

असा संवेदक शरीराला लावल्यास त्यातील डीएनए माझ्या पेशींत शिरेल का?

नाही. त्वचेवरील संवेदकातील डीएनए त्वचेच्या आत जात नाही. सुईच्या टोकावरील संवेदकातून काही तुकडे सुटलेच तरी ते अत्यल्प असतात, त्यांच्यात कोणत्याही प्रथिनाची माहिती नसते, आणि शरीरातील विकरे त्यांचे तुकडे करतात.

डीएनए वापरण्याचा अ‍ॅप्टामरखेरीज दुसरा मार्ग आहे का?

आहे. निसर्गात काही प्रथिने संप्रेरक मिळताच डीएनएच्या ठरावीक क्रमावर बसतात किंवा त्यावरून सुटतात. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी जीवाणूंत शोध घेऊन प्रोजेस्टेरॉन ओळखणारे असे एक प्रथिन मिळवले आणि २०२० मध्ये त्यावर आधारलेला संवेदक प्रसिद्ध केला. प्रोजेस्टेरॉन आले की प्रथिन डीएनएपासून सुटते आणि प्रकाशाचा संकेत बदलतो. येथे संप्रेरक ओळखणारे प्रथिन असते आणि डीएनए त्याचा जोडीदार.

प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक अ‍ॅप्टामरवर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. आर्सेनिक ओळखतो म्हणून वर्षानुवर्षे असंख्य संवेदकांत वापरला गेलेला एक डीएनए-अ‍ॅप्टामर प्रत्यक्षात आर्सेनिकला धरतच नाही, असे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जुवेन लिऊ यांच्या गटाने २०१९ च्या सुमारास दाखवले. सोन्याच्या कणांवर आर्सेनिकचाच थेट परिणाम होत होता आणि सर्वांनी तो अ‍ॅप्टामरच्या नावावर मांडला होता. संप्रेरकांच्या क्षेत्रालाही हा धडा लागू आहे.

एखादा संशोधन-लेख किंवा उत्पादनाचे माहितीपत्रक वाचताना मी काही गोष्टी आधी शोधतो. त्याच लांबीचा पण अक्षरे उलटसुलट केलेला डीएनए घेऊन तुलना केली आहे का? मोजणी शुद्ध खारट द्रवात केली की खऱ्या रुग्णांच्या रक्तात अथवा लाळेत? निरोगी माणसाच्या नमुन्यात वरून संप्रेरक मिसळून मोजणे आणि रुग्णाच्या शरीरात तयार झालेले संप्रेरक मोजणे यांत फार अंतर आहे. भावंडे-रेणू घालून पाहिले आहेत का, आणि तेच नमुने वस्तुमान-वर्णपटमापनाने तपासून आकडे शेजारी ठेवले आहेत का? ‘फेम्टोमोलपर्यंत ओळखतो’ हा दावा डोळे दिपवतो, पण कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक शरीरात त्याच्या लाखो पट असताना त्या दाव्याचा रुग्णाला उपयोग नसतो.

भारतात अशी तपासणी कुठे करून मिळेल?

आपल्या परिसरातील प्रयोगशाळेत होणाऱ्या थायरॉइड, प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, एस्ट्राडायॉल या तपासण्या प्रतिपिंडांवर आधारित आहेत. भारतात अ‍ॅप्टामरवरील निदान-संशोधन होते. फरिदाबादच्या टीएचएसटीआय (ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेत क्षयरोगाच्या निदानासाठी डीएनए-अ‍ॅप्टामरवर काम झाले आहे. संप्रेरकासाठीचे असे कोणतेही साधन रुग्णांसाठी विकायचे असेल तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली त्याला परवाना लागतो आणि जोखमीनुसार ए ते डी यांपैकी एका वर्गात ते बसवले जाते. म्हणून ‘घरच्या घरी ताणतणावाचे हॉर्मोन मोजा’ अशा जाहिरातीचे उपकरण घेण्यापूर्वी परवाना क्रमांक मागावा आणि तुलना कोणत्या पद्धतीशी केली ते लेखी विचारावे.

तोपर्यंत सध्याच्या रिपोर्टचा जास्तीत जास्त उपयोग कसा करून घ्यावा?

वेळ लिहून ठेवावी. कॉर्टिसॉल जागे झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी वाढते आणि मध्यरात्री तळाला जाते, त्यामुळे सकाळी ८ चा आणि दुपारी ४ चा आकडा एकाच मोजपट्टीने वाचता येत नाही. स्त्रियांनी पाळीचा दिवस सांगावा. स्टेरॉइडच्या गोळ्या, इनहेलर, त्वचेवरील मलम, गर्भनिरोधक गोळ्या आणि बायोटिन यांची नोंद रक्त घेणाऱ्या व्यक्तीकडे न विसरता द्यावी. गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे वाहक प्रथिन वाढते आणि एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसते, मुक्त कॉर्टिसॉल मात्र तेवढेच असू शकते. पुन्हा तपासणी करायची असल्यास शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच वेळी करावी. लक्षणे आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर उपचार बदलण्यापूर्वी दुसऱ्या पद्धतीने तपासणी करून घेता येईल का, हे डॉक्टरांना संकोच न करता विचारावे.